खिडकीतले रोप उंच का होते?

ज्यांच्या घरी नवरात्रात घट बसतात त्यांनी एक गोष्ट नक्की पाहिली असेल. पत्रावळीवर किंवा परडीत काळी माती पसरतात, तिच्यात गहू, ज्वारी असे धान्य पेरतात, मधोमध घट ठेवतात आणि रोज थोडे थोडे पाणी घालतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात आणि दसऱ्यापर्यंत चांगले वीतभर उंच होतात. त्यांचा रंग मात्र शेतातल्या रोपांसारखा हिरवागार नसतो. देवघर जितके अंधारे, तितके हे कोंब पिवळे, नाजूक आणि लांब. त्याच दिवशी त्याच धान्याची मूठभर पेरणी अंगणातल्या वाफ्यात केली, तर तेथली रोपे दसऱ्याला बुटकी असतात. पण हिरवी आणि ताठ असतात.

कांदे-बटाट्यांच्या टोपलीत तळाशी विसरलेल्या बटाट्याचेही असेच होते. त्याला पांढरट, बोटाएवढे लांब कोंब फुटतात आणि पाने मात्र जवळजवळ नसतातच. अंधारात वाढलेल्या रोपाच्या या अवस्थेला वनस्पतिशास्त्रात पांडुरता म्हणतात.

आता सदनिकेत राहणाऱ्या एखाद्या हौशी विद्यार्थ्याकडे पाहू. तो दह्याच्या रिकाम्या डब्यात टोमॅटोचे बी पेरतो आणि डबा अभ्यासाच्या टेबलावर ठेवतो. सहा-सात दिवसांत रोपे उगवतात. मग ती झपाट्याने उंच होतात. देठ दोऱ्यासारखे बारीक, सगळे खिडकीकडे कललेले. पुढे एके दिवशी सकाळी सगळी रोपे आडवी पडलेली दिसतात. बिचारा त्यांना जास्त पाणी घालतो, खत घालतो, काडीचा आधार देतो. ‘‘उजेडाचे काय?’’ असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘‘खोलीत भरपूर उजेड आहे की, सर!’’

हे उत्तर ज्या साक्षीदाराच्या भरवशावर दिलेले असते तो म्हणजे आपला डोळा. आणि या एका बाबतीत त्याची साक्ष मुळीच ग्राह्य धरता येत नाही.

डोळ्याची साक्ष

एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो हे मोजण्याचे एकक लक्स हे आहे. निरभ्र आकाशातल्या भर दुपारच्या उन्हात आडव्या पृष्ठभागावर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. त्याच वेळी इमारतीच्या सावलीत, पण उघड्या आकाशाखाली, १०,००० ते २०,००० लक्स असतो. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी बाहेर काही हजार लक्स तरी असतो. आणि खिडकीपासून दोन-तीन मीटर आत, जेथे आपण दिवसा दिवा न लावता सहज पुस्तक वाचतो, तेथे? अवघा १०० ते ३०० लक्स. म्हणजे ऊन आणि खोली यांच्यात तीनशे ते हजार पटींचा फरक आहे. अंगणातून घरात आल्यावर क्षणभर अंधारल्यासारखे वाटते खरे. पण उजेड हजारपट कमी झाला असे कोणाला वाटते का?

याचे कारण आपल्या डोळ्याच्या रचनेत आहे. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते. तिचा व्यास २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत वाढू शकतो. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. पण खरे काम दृष्टिपटल करते. ते आपली संवेदनक्षमताच बदलते. शिवाय आपल्या संवेदना फरक मोजत नाहीत, पटी मोजतात. गुस्टाव्ह फेक्नर या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० मध्ये हे सूत्ररूपाने मांडले : उद्दीपन गुणाकाराने वाढले तर संवेदना बेरजेने वाढते. १०० लक्सवरून १,००० वर जाणे आणि १,००० वरून १०,००० वर जाणे या डोळ्याला साधारण सारख्याच पायऱ्या वाटतात. ज्यांनी गणितात लॉगॅरिथम शिकले आहे त्यांच्या लक्षात आले असेलच. आवाजासाठी आपण डेसिबेलचे माप वापरतो तेही याच जातीचे.

यात डोळ्याला दोष देण्याचे कारण नाही. पौर्णिमेचे चांदणे एक लक्सच्या सुमारे चतुर्थांश असते. त्यातही पायवाट दिसावी आणि त्याच्या चार लाख पट असलेल्या उन्हातही डोळे उघडे ठेवता यावेत, यासाठीच तो घडला आहे. दिसणे हे त्याचे काम. मोजणे हे त्याचे काम नाही.

वनस्पतीला मात्र मोजावेच लागते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू साखरेत बांधायला तिला किमान आठ-दहा फोटॉन लागतात. मंद प्रकाशात हा हिशेब अगदी सरळ चालतो : फोटॉन निम्मे आले की साखर निम्मी. त्यात बाहुली मोठी करण्याची सोय नाही आणि लॉगॅरिथमही नाही.

आजकाल पुष्कळशा मोबाईल फोनमध्ये प्रकाश मोजणारा संवेदक असतो आणि त्याचे वाचन लक्समध्ये दाखवणारी उपयोजनेही मिळतात. ते वाचन फार अचूक नसते, पण आपल्याला दहापटींचे फरक पाहायचे आहेत, दहा टक्क्यांचे नव्हेत. फोन नसला तरी एक सोपी युक्ती आहे. रोप ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वर हातभर अंतरावर पंजा धरा. बोटे वेगवेगळी दाखवणारी रेखीव सावली पडली तर जागा चांगली. नुसता पुसट डाग पडला तर मध्यम. सावली दिसतच नसेल तर तेथे बी पेरू नका.

खिडकी म्हणजे आकाशाचा तुकडा

खिडकीपासून दूर गेल्यावर प्रकाश इतका कमी का होतो? येथे थोडी भूमिती उपयोगी पडते. थेट ऊन येत नसेल तेव्हा खोलीतला सगळा उजेड आकाशाकडून येतो. म्हणून रोपाला किती प्रकाश मिळतो हे रोपाला किती आकाश दिसते यावर ठरते.

समजा, खिडकी १·२ मीटर लांब व तितकीच उंच आहे आणि डबा तिच्यापासून ३ मीटर दूर आहे. खिडकीचे क्षेत्रफळ १·४४ चौरस मीटर. ३ मीटर त्रिज्येच्या अर्धगोलाचे क्षेत्रफळ २πर² या सूत्राने सुमारे ५६·५ चौरस मीटर येते. म्हणजे रोपाच्या दृष्टीने साऱ्या आकाशाचा जेमतेम अडीच टक्के भाग खिडकीने व्यापलेला आहे. त्यातही निम्म्या भागात समोरची इमारत, वरचा छज्जा आणि खिडकीचे गज. उरले एक टक्का. बाहेर आकाशाचा प्रकाश १५,००० लक्स असेल तर आत १५० लक्स! भिंतींवरून परावर्तित होणारा प्रकाश यात थोडी भर घालतो, म्हणून पांढऱ्या भिंतींची खोली झाडांना बरी. डबा ३ मीटरवरून दीड मीटरवर आणला की खिडकीचा वाटा चौपट होतो, आणि अगदी कट्ट्यावर ठेवला की रोपाला जवळजवळ अर्धे आकाश दिसू लागते.

थेट उन्हाचा हिशेब वेगळा आहे आणि तो गावाच्या अक्षांशावर ठरतो. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत दक्षिणेकडची खिडकी सर्वोत्तम असे लिहिलेले असते. लंडनमध्ये ते बरोबर आहे. पण पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. तेथे २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे ४८ अंश उंचीवर असतो आणि ऊन दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत दीड-दोन मीटर आत येते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतच नाही. वर्षभर भरवशाचे ऊन हवे असेल तर आपल्याकडे पूर्वेची खिडकी बरी. सकाळचे ऊन तिरपे असल्यामुळे आतवर येते आणि कोवळी रोपेही त्याने करपत नाहीत. पश्चिमेच्या खिडकीतही ऊन असते, पण एप्रिल-मेमध्ये तेथला डबा भट्टीसारखा तापतो.

जमा आणि खर्च

प्रकाश कमी मिळाला तर वाढ कमी व्हावी. मग उलट रोप उंच का होते? त्याआधी ‘वाढ’ म्हणजे काय हे ठरवायला हवे.

वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने साखर तयार करते. ही जमा. आपल्यासारखीच ती श्वसनही करते आणि त्यात साखर खर्च होते. जमा फक्त उजेडात होते. खर्च रात्रंदिवस चालू असतो. ज्या प्रकाशात जमा आणि खर्च नेमके सारखे होतात त्याला समतोल बिंदू म्हणतात. त्याहून कमी प्रकाशात झाड साठवणीवर जगते. घनदाट जंगलाच्या तळाशी वाढणाऱ्या वनस्पतींचा खर्च फार थोडा असतो आणि त्यांचा समतोल बिंदू काही शे लक्सच्या आतच असतो. टोमॅटो, मिरची, तुळस, झेंडू ही उन्हातली माणसे. त्यांचा खर्च मोठा. खोलीच्या मध्यभागी ती रोज थोडी थोडी कर्जबाजारी होत जातात.

दिवाणखान्यात मनीप्लांट वर्षानुवर्षे टिकतो आणि तुळस महिन्याभरात मान टाकते, यात तुमच्या हातगुणाचा काही संबंध नाही. मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा, मोठ्या झाडांच्या सावलीत खोडांवर चढणारा वेल. तुळशीला आपल्या पूर्वजांनी वृंदावन बांधून दिले ते उघड्या अंगणात.

बी रुजते तेव्हा सुरुवातीचे भांडवल बीजपत्रांत असते. मुगाच्या डाळीचे दोन भाग म्हणजे हीच बीजपत्रे. म्हणून मोड यायला उजेड लागत नाही. फडक्यात बांधलेल्या मटकीला अंधारातच मोड येतात. पाणी, हवा आणि ऊब एवढ्यावर काम भागते. हे भांडवल चार-आठ दिवस पुरते. टोमॅटोच्या इवल्याशा बियांत तर ते फारच थोडे. तेवढ्या अवधीत रोपाने उजेड गाठला पाहिजे. नाही गाठला तर मरण.

उंच होण्याचे कारण

निसर्गात रोपाला अंधार लागतो तो मातीखाली. तेथून सुटण्याचा एकच मार्ग : वर. म्हणून अंधारातले रोप आपले सारे भांडवल देठ लांबवण्यात घालते. पाने मिटलेली ठेवते, कारण अंधारात पाने उघडणे म्हणजे गिऱ्हाईक नसताना दुकान मांडणे. हरितद्रव्यही तयार करत नाही. देठाच्या पेशी संख्येने फारशा वाढत नाहीत. त्या पाण्याने फुगून लांब होतात. उजेड लागला की हा सगळा कार्यक्रम बदलतो. देठ थबकतो, पाने उघडतात, हिरवा रंग येतो. टेबलावरच्या टोमॅटोला वाटते की आपण अजून कशाच्या तरी खाली अडकलो आहोत. त्याच्या मोजमापाप्रमाणे ते खरेही आहे.

पण उजेड आला हे रोपाला कळते कसे? या प्रश्नाचा पाठपुरावा चार्ल्स डार्विन यांनी म्हातारपणी आपला मुलगा फ्रान्सिस याच्याबरोबर केला. कॅनरी नावाच्या गवताचे कोवळे कोंब एका बाजूने येणाऱ्या उजेडाकडे वाकतात. त्यांनी काही कोंबांच्या शेंड्यांवर अपारदर्शक टोप्या घातल्या. ते कोंब वाकले नाहीत. काहींचे बुंधे काळ्या बारीक वाळूत पुरले आणि शेंडे उघडे ठेवले, ते वाकले. म्हणजे उजेड टिपतो शेंडा, आणि वाकतो त्याखालचा भाग! शेंड्याकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे, असे त्यांनी १८८० मधल्या आपल्या ग्रंथात लिहिले. हा निरोप्या म्हणजे एक रसायन आहे हे पुढे फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने दाखवले. त्याने ओटचे शेंडे कापून आगरच्या तुकड्यांवर ठेवले आणि नंतर नुसते ते तुकडे बिनशेंड्याच्या कोंबाच्या एका कडेला ठेवले. कोंब अंधारातही वाकले. या रसायनाला ऑक्झिन म्हणतात. ते अंधाऱ्या बाजूला जास्त साठते, ती बाजू जास्त लांबते आणि रोप उजेडाकडे कलते. निळा प्रकाश यात महत्त्वाचा असतो. तो टिपणारे प्रथिन १९९० नंतरच्या दशकात सापडले.

दुसरी कथा मला अधिक आवडते, कारण तिच्यात प्रकाशाच्या रंगांचा अगदी भौतिकीला शोभेल असा वापर आहे. अमेरिकेत मेरीलँडमधील बेल्ट्‌सव्हिल येथील शेती संशोधन केंद्रात हॅरी बॉर्थविक हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि स्टर्लिंग हेंड्रिक्स हा रसायनशास्त्रज्ञ एकत्र काम करीत. लेट्यूस म्हणजे सॅलडच्या पानांच्या एका जातीचे बी अंधारात फारसे रुजत नाही. त्याला भिजल्यावर थोडा प्रकाश लागतो. कोणत्या रंगाचा? त्यांनी वर्णपट पाडून पाहिले. सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश थोडा वेळ दिला की शंभरांतले सत्तरच्या आसपास बी रुजे. त्यानंतर लगेच ७३० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद तांबडा प्रकाश दिला, तर सहा-सातच रुजत. पुन्हा तांबडा दिला की पुन्हा सत्तर. असे आळीपाळीने कितीही वेळा करा, शेवटी कोणता रंग दिला एवढ्यावरच निकाल ठरे. बियांत दिव्याच्या बटणासारखी काहीतरी कळ असली पाहिजे, असे या १९५२ मधल्या प्रयोगांवरून दिसले. १९५९ मध्ये याच केंद्रात अंधारात वाढवलेल्या मक्याच्या रोपांतून वर्णपटमापकाच्या मदतीने ते रंगद्रव्य प्रत्यक्ष ओळखता आले. त्याचे नाव फायटोक्रोम.

ही कळ झाडाला कशासाठी? हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात. गडद तांबडा मात्र त्यांच्यातून आरपार जातो. उघड्या उन्हात हे दोन्ही रंग जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात. दुसऱ्या झाडाच्या सावलीत तांबडा गाळला जातो. त्यामुळे ‘उजेड कमी आहे’ एवढेच नव्हे, तर ‘माझ्यावर कोणी शेजारी वाढला आहे’ हेही रोपाला कळते, आणि ते त्याच्यावर मात करण्यासाठी उंच होऊ लागते. तुमच्या खिडकीबाहेर आंब्याचे दाट झाड असेल तर कट्ट्यावरच्या रोपांना नेमका हाच संदेश मिळतो.

भौतिकीच्या माणसाने झाडाझुडपांत कशाला लक्ष घालावे, असे मला कधीकधी विचारतात. मी त्यांना जगदीशचंद्र बोस यांचे नाव सांगतो. रेडिओलहरींवर पायाभूत काम करणारा हा कलकत्त्याचा भौतिकीचा प्राध्यापक. त्याने रोपाची क्षणाक्षणाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र बनवले.

उंची नव्हे, वजन

काही वर्षांपूर्वी एका शालेय विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. एका गटाने मुगाच्या दोन कुंड्या मांडल्या होत्या. एकीला रोज दोन तास संगीत ऐकवले होते, दुसरीला नाही. संगीत ऐकलेली रोपे दीडपट उंच होती. मोजमाप मुलांनी प्रामाणिकपणे केले होते, रोजच्या नोंदी होत्या, आलेखही सुबक होता. मी विचारले, ‘‘कुंड्या कोठे ठेवल्या होत्या?’’ संगीताची कुंडी आतल्या खोलीत, ध्वनियंत्राजवळ. बिनसंगीताची गॅलरीत. संगीताच्या रोपांची पाने फिकट होती आणि ती दोऱ्याने काडीला बांधलेली होती. माझे इतर दोन सहकारी परीक्षक उंचीच्या आकड्यांवर खूश होते आणि दोघांच्या मतांनी त्या गटाला बक्षीस मिळाले. मुलांची मोजणी खरीच होती. फक्त त्यांनी जे मोजले ती वाढ नव्हती. ती उपासमार होती.

वाढ मोजायची तर पाणी वजा करून उरलेले वजन मोजले पाहिजे. हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. मुगाचे शंभर-शंभर दाणे मोजून पाच वाटे करा. एक वाटा तसाच ठेवा. उरलेले चार वाटे एका रात्रीसाठी भिजवून, धुतलेल्या वाळूने भरलेल्या चार पसरट कुंड्यांत पेरा. माती नको, वाळूच घ्या : मुळे सहज धुता येतात, आणि वाळूत खत नसल्यामुळे जी काही भर पडेल ती हवा आणि प्रकाश यांच्यामुळेच हे निश्चित होते. एक कुंडी बंद कपाटात, दुसरी खोलीच्या मध्यभागी, तिसरी खिडकीच्या कट्ट्यावर आणि चौथी गच्चीवर किंवा अंगणात ठेवा. बाहेरच्या कुंडीवर जाळी हवी, नाहीतर चिमण्या आणि खारी प्रयोग लवकर संपवतील. चारही ठिकाणचे लक्स किंवा सावलीची परीक्षा रोज एकाच वेळी नोंदवा. बाराव्या दिवशी प्रत्येक कुंडीतल्या वीस रोपांची उंची मोजून सरासरी काढा. मग सगळी रोपे मुळांसकट उपटून, धुऊन, कागदावर कडक उन्हात चार दिवस वाळवा. गळून पडलेली बीजपत्रे आणि साली गोळा करायला विसरू नका. राखून ठेवलेले शंभर दाणेही त्यांच्याबरोबर वाळवा, कारण कोरड्या दिसणाऱ्या बियांतही थोडे पाणी असतेच. शेवटी प्रत्येक वाटा वेगळा तोला आणि जितकी रोपे उगवली असतील त्या संख्येने भागा.

कपाटातले रोप सर्वांत उंच निघेल, आणि वाळल्यावर ते ज्या बियांतून निघाले त्या बियांहूनही हलके भरेल. उरलेले वजन कोठे गेले? श्वसनात कार्बन डायऑक्साइड होऊन कपाटातल्या हवेत. खोलीच्या मध्यभागचे रोप समतोल बिंदूच्या कोणत्या बाजूला आहे ते तुमच्या शाळेची खोली ठरवील. म्हणूनच प्रत्येक शाळेचे आकडे निराळे येतील आणि ते ताडून पाहण्यात मजा आहे. शिक्षकांनी उंची आणि वजन यांचे आलेख एकाच कागदावर काढून घ्यावेत.

दिवा, पाणी आणि हात

ज्यांच्या घरी ऊन येतच नाही त्यांनी काय करावे? दिव्याचा उपयोग होतो, पण तो अंतरावर अवलंबून आहे. ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ९०० ल्यूमेन प्रकाश देतो. तो सगळा खालच्या अर्धगोलात पसरतो असे धरले तर १ मीटरवर सुमारे १४० लक्स मिळतात. म्हणजे छताचा दिवा रोपाच्या दृष्टीने नसल्यासारखाच. तोच दिवा २५ सेंटिमीटरवर आणला तर व्यस्त वर्गाच्या नियमाने सोळापट, म्हणजे सुमारे २,३०० लक्स. जुन्या तापतारेच्या दिव्याने इतक्या जवळून रोपे भाजली असती; एलईडी दिव्याचे ते भय पुष्कळ कमी. लांब नळीच्या दिव्याजवळ प्रकाश वर्गाच्या नव्हे तर साध्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, त्यामुळे रोपांची ओळ असेल तर नळी सोयीची. दिवा बरोबर डोक्यावर हवा. बाजूला ठेवला की रोपे तिकडे वाकतात.

तरीही ही दुधाची तहान ताकावर भागवणे आहे. २,३०० लक्स रोज १४ तास दिले तर ३२,००० लक्स-तास होतात. दुपारच्या उन्हातला एकच तास १,००,००० लक्स-तास देतो. म्हणजे गॅलरीतले एका तासाचे ऊन तीन दिवसांच्या दिव्याइतके. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला धरून बनवलेले आहे, फोटॉनच्या नेमक्या संख्येचे नव्हे, म्हणून हा हिशेब ढोबळ समजावा. रोपांच्या मागे पांढरा पुठ्ठा उभा करणे हा फुकटचा उपाय. त्याने उजेड थोडा वाढतो आणि रोपे कमी कलतात.

कमी प्रकाशाचा आणखी एक बळी म्हणजे मुळे. उजेड कमी, म्हणजे पानांतून बाष्पोत्सर्जन कमी, म्हणजे मातीतले पाणी तसेच राहते. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. मुळे गुदमरतात, बुरशी लागते आणि देठ मातीलगत कुजून रोपे कोलमडतात. वरून माती कोरडी दिसली तरी कुंडीच्या तळाशी काही सेंटिमीटर माती केशाकर्षणामुळे चिंबच राहते. हे पाहायचे असेल तर अंघोळीचा स्पंज पूर्ण भिजवून तळहातावर आडवा ठेवा. ठिबकणे थांबले की त्याला उभा करा. आणखी बरेच पाणी गळेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. म्हणून उथळ डबा जास्त काळ ओला राहतो. पुष्कळ लोक कुंडीच्या तळाशी खडे घालतात. त्याने पाणी लवकर निघून जात नाही, उलट चिंब मातीचा थर खड्यांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ येतो. तळाला भोके पाडावीत आणि माती वाळू मिसळून मोकळी करावी, हे बरे.

आता हाताविषयी. बाहेरची रोपे वाऱ्याने सतत हलतात, घरातली हलत नाहीत. अमेरिकेतील मार्क जॅफे यांनी १९७३ मध्ये दाखवले की देठांना रोज थोडे चोळले तर ते बुटके आणि जाड होतात. रोज सकाळी रोपांच्या शेंड्यांवरून आठ-दहा वेळा हलकेच तळहात फिरवा. मंद पंखाही चालतो. उजेडाची उणीव याने भरून निघत नाही. पण देठ बळकट होतो.

रोपांना चार-पाच खरी पाने आली की ती बाहेर लावायची. येथे पुष्कळांची घाई होते. पाचशे लक्सवर वाढलेले पान एकदम लाख लक्समध्ये नेले तर ते पांढरे पडून करपते, कारण जादा ऊर्जा वाटेला लावणारी यंत्रणा त्याने अजून उभारलेलीच नसते. पहिले दोन दिवस बाहेर नुसती सावली, मग सकाळचे तासभर ऊन, मग दोन तास, असे करीत आठ-दहा दिवसांनी डबा पूर्ण उन्हात ठेवावा. खोलीतली जुनी पाने त्यानंतरही काही गळतील. नवी येतील ती आकाराने लहान, जाड आणि गडद हिरवी असतील.